बाटली राहू द्या, आधी पॉलिसीवरचं नाव बदला

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यातला कामाचा भाग असा:

"वय 38, खासगी नोकरी, हातात 62,000 येतात. पत्नी आणि दोन मुलं. गेल्या दिवाळीत ओळखीतून 2015 ची ऑटोमॅटिक सेडान 4 लाख 60 हजारांना घेतली. त्यातले साडेतीन लाख पर्सनल लोन, 14 टक्के, चार वर्षं. आरसी माझ्या नावावर झाली. इन्शुरन्स ऑक्टोबरपर्यंत जुन्या मालकाच्या नावावर आहे, 50 टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाऊ नये म्हणून तसाच ठेवला. एजंट म्हणतो, पुढचं रिन्यूअलही त्याच नावावर करून देतो. गाडी 86,000 किलोमीटर चालली आहे. सकाळी डी मध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकली की क्षणभर थांबून उचलते, दुसऱ्याचा तिसरा पडताना झटका बसतो. जुना मालक म्हणाला होता की गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं, बदलावं लागत नाही. गॅरेजवाला म्हणतो, 1,800 रुपयांची ॲडिटिव्हची बाटली दर दहा हजारला टाका, नाहीतर 80,000 चं काम निघेल. बाटली टाकावी का? दोन वर्षांनी गाडी पाच लाखांना विकायचा विचार आहे."

बाटली टाकू नका. कारण सांगतो, पण थोडक्यात, कारण तुमच्या पत्रात बाटलीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही.

आधी हिशोब. वर्षाला 15,000 किलोमीटर धरले तर बाटल्यांचे वर्षाला 2,700 होतात, तीन वर्षांत 8,000. तेवढ्याच पैशांत, फार तर हजारभर जास्त देऊन, गिअरबॉक्सचं ऑइल बदलून मिळतं. 86,000 किलोमीटर आणि दहा-अकरा वर्षं झालेल्या गाडीत तेच करायचं असतं. 'लाइफटाइम ऑइल' या शब्दांवर भरवसा ठेवू नका. जगभरच्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला असं सांगते. जिने गिअरबॉक्स बनवला तीच बदला म्हणत असेल, तर जुन्या मालकाच्या शब्दाला किंमत राहत नाही.

या ऑइलमध्ये घर्षण नेमकं ठेवणारी, फेस होऊ न देणारी, सील मऊ ठेवणारी रसायनं मुळातच ठरलेल्या प्रमाणात घातलेली असतात. बाटलीत त्यातलीच दोन-तीन जास्तीची मिळतात. सील जरा फुगून बारीक गळती काही दिवस थांबते, थरथर थोडी कमी वाटते, हे होऊ शकतं. पण झिजलेल्या क्लच प्लेटवरचं अस्तर कुठल्याही बाटलीने परत येत नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने स्लिक 50, ड्युरा ल्यूब, प्रोलाँग अशा इंजिनात घालायच्या ॲडिटिव्हवाल्यांवर कारवाई केली होती, जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून. ती इंजिनाची होती, तुमची गिअरबॉक्सची. विकण्याची पद्धत तीच: मोठ्या खर्चाची भीती आणि छोटी बाटली.

डी मध्ये टाकल्यावर उचलायला वेळ लागतो, याचं साधं कारण ऑइलची पातळी कमी असणं हेही असू शकतं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते. गाडी लिफ्टवर सपाट धरून, ऑइल ठरावीक तापमानाला आणून, खालचा प्लग उघडून पातळी बघतात. हे न करता वरून बाटली ओतली आणि पातळी जास्त झाली तर फेस होतो, ऑइलचा दाब कमी होतो आणि गिअर आणखी घसरतो. आणखी एक: तुमचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑइलमधून ताकद पोचवणारा) आहे, सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा) आहे की एएमटी, हे पत्रात नाही. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच-गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात हे ऑइल नसतंच. सीव्हीटीला तिचंच ऑइल लागतं, दुसरं घातलं तर पट्टा आणि पुली खराब होतात. गॅरेजवाल्याने हे न विचारता बाटली सुचवली असेल, तर गिअरबॉक्सचं काम त्याच्याकडे देऊ नका. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचं ऑइल घेऊन बदलून घ्या आणि महिनाभर बघा. झटका तरीही राहिला, तर जाणकाराकडून स्कॅन करून घ्या आणि मगच 80,000 च्या गोष्टी करा.

आता ज्याने मला पत्र वाचताना खरोखर घाम फुटला, ते वाक्य: इन्शुरन्स जुन्या मालकाच्या नावावर आहे.

गाडी तुमच्या नावावर, पॉलिसी त्याच्या नावावर. उद्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम कोण करणार? त्याने केला तर कंपनी म्हणेल, गाडी तुमची नाही, तुमचं नुकसान झालेलं नाही. तुम्ही केला तर म्हणेल, तुमच्याशी आमचा करारच नाही. दोन्ही उत्तरं कायद्याला धरून आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडी विकली की समोरच्याच्या नुकसानीचं, म्हणजे थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येतं. तेवढंच येतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच स्पष्ट केलं आहे. त्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. तुमचे 14 दिवस दिवाळीनंतर लगेचच संपले.

ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता एनसीबीआधी 12,000 धरा. 50 टक्के म्हणजे सहा हजार. सहा हजारांसाठी तुम्ही चार लाखांची गाडी जवळजवळ उघड्यावर ठेवली आहे. शिवाय तो एनसीबी तुमचा नाहीच. तो गाडीला चिकटत नाही, क्लेम न करणाऱ्या माणसाला मिळतो. जुना मालक तो स्वतःच्या पुढच्या गाडीला लावू शकतो.

आणि तुम्ही राहता सिंहगड रस्त्यावर. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर तिथल्या एकता नगरीत पुराचं पाणी शिरलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं की ऑइल दुधाळ होतं आणि क्लच प्लेटचं अस्तर सुटू लागतं. मग 80,000 चं काम खरोखर निघतं, वर इंजिन आणि वायरिंग वेगळं. ते सगळं तुमच्या खिशातून. कर्जाचा साडेनऊ हजारांचा हप्ता तरीही चालूच, कारण अजून जवळपास तीन लाख बाकी आहेत. गाडी नाही, कर्ज आहे, अशी वेळ घरावर येईल.

वाहनकर्ज घेतलं असतं, तर बँकेने पॉलिसी तुमच्या नावावर आणि तिचं नाव त्यात नोंदवून मागितली असती. पर्सनल लोन देणाऱ्याला गाडीशी देणंघेणं नाही, म्हणून कोणी विचारलं नाही. व्याजही जास्त: चार वर्षांत एकूण लाखाच्या वर जाईल.

याहून वाईट म्हणजे 15 लाखांचं मालक-चालक अपघात संरक्षण. ते पॉलिसीत ज्याचं नाव आहे त्या मालकाचं असतं. गाडी चालवता तुम्ही, घरी दोन मुलं तुमची, आणि त्यातला एक रुपया त्यांच्यापर्यंत येणार नाही. पत्रात टर्म इन्शुरन्सचा (ठरावीक मुदतीच्या निव्वळ जीवनविम्याचा) उल्लेखही नाही. नसेल, तर या महिन्यात एक कोटीचा घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण पंधरा-अठरा हजार पडतील. त्यासोबत कोणी 'पैसे परत मिळणारी' पॉलिसी दाखवली तर नको म्हणा; त्याच हप्त्यात संरक्षण कितीतरी कमी मिळतं.

एजंटचं ऐकू नका. रिन्यूअल जुन्या नावावर करणं म्हणजे कंपनीला चुकीची माहिती देणं. क्लेम नाकारला गेला की तो फोन उचलणार नाही, तुम्हाला मात्र पत्र येईल.

पाच लाखांचं स्वप्नही सोडा. 4 लाख 60 हजारांना घेतलेली 2015 ची गाडी दोन वर्षांनी महाग होत नाही. 2030 ला तिची 15 वर्षांची नोंदणी संपते, गिऱ्हाईकही ते बघणार. तीन लाख मिळाले तर बरे, असं धरून चाला.

सोमवारी विमा कंपनीच्या शाखेत जा, एजंटकडे नको. सोबत नवी आरसी, चालू पॉलिसी, फॉर्म 29 आणि 30 (गाडी नावावर करायचे आरटीओचे अर्ज) च्या प्रती, जुन्या मालकाचं संमतीपत्र आणि त्या पत्राची नक्कल ठेवा. गाडी तपासायला मागतील, दाखवा. एनसीबीचा फरक उरलेल्या मुदतीपुरताच घेतात. ऑक्टोबरपर्यंत तीन-चार महिने, म्हणजे सहा हजारांतले दीड-दोन हजार, अधिक जीएसटी आणि थोडी फी. एका बाटलीपेक्षा थोडेच जास्त. अपघात संरक्षण तुमच्या नावाने वेगळं घ्यावं लागेल का, तेही तिथेच विचारा आणि लागलं तर लगेच घ्या. नाव बदलल्याची नोंद हातात येईपर्यंत, शक्य असेल तर, पावसात गाडी खालच्या पार्किंगमध्ये ठेवू नका. ऑइल बदलणं त्यानंतरच्या आठवड्यात केलं तरी चालेल.