संग्रहालयाच्या दालनासाठी प्लॅन आणि थ्रीडी पुरेसं आहे का?

नाही. हा वाद मी माझ्या एका वरिष्ठांशी घातलेला आहे, म्हणून ठासून सांगतो.

नागपुरात एका जुन्या बंगल्यात एका घराण्याची पत्रं, पगड्या आणि लुगडी मांडायची होती. मी चारही भिंतींची एलेव्हेशन्स, म्हणजे भिंत समोरून जशी दिसते तशी चित्रं, १:२० ला (कागदावरचा १ सेंमी म्हणजे जागेवरचे २० सेंमी) काढली होती. शोकेसची काच कुठपर्यंत, मजकुराचा पॅनल किती उंचीवर, आधीचे स्विचबोर्ड कुठे, सगळं त्यात होतं. सरांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. "काय चित्रं काढून राहिला तू? प्लॅन दे, बाकी साईटवर पाहू." साईटवर मग सुतारानेच पाहिलं. पॅनलमागे स्विचबोर्ड निघाला, तेव्हा त्याने मजकुराच्या ऐन मधोमध चौकोन कापला आणि मूळ पुरुषाचं अर्धं नाव त्यात गेलं. सीलिंगचं ड्रॉइंग नव्हतंच, म्हणून इलेक्ट्रिशियनने दिवे खोलीच्या मध्यावर टांगले. काचेत पत्राऐवजी दिवा आणि आपलंच तोंड दिसायचं. पश्चिमेची खिडकी प्लॅनवर नुसत्या दोन रेघा होत्या. सेक्शन, म्हणजे खोली उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढला असता तर दुपारचं ऊन थेट लुगड्यांवर उतरतंय हे कागदावरच कळलं असतं. कापड-कागदाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. त्यात उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर बसला. ४५ डिग्रीत माणसांना तो लागतोच, पण ती ओली हवा जुन्या पत्रांवर सोडायची? वायरिंग दोनदा झालं, भुर्दंड मालकाला.

तर आधी वस्तूंची मापांसकट यादी करा. यादीशिवाय रेघ ओढू नका. मग १:५० चा प्लॅन, त्यात व्हीलचेअर वळायला दीड मीटरची मोकळी जागा. प्रत्येक भिंतीचं एलेव्हेशन. चित्रं टांगायची असतील तर त्यांचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर. सेक्शनमध्ये उभ्या माणसाची नजर आणि दिव्याचा कोन दाखवा (भिंतीवरच्या चित्राला उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश). सीलिंग प्लॅन वेगळा, शोकेसचे डिटेल्स १:५ ला. थ्रीडी मालकाला दाखवायला ठीक आहे, सुताराला त्यातून माप मिळत नाही.

सराव हवा असेल तर नागपूरच्या अजब बंगल्यात जा. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे. एका शोकेससमोर उभे राहा, काचेत कुठला दिवा दिसतो ते बघा आणि तेवढाच सेक्शन घरी काढा.

हे सगळं लहान दालनापुरतं. मोठ्या कामात एसी, आग आणि जतन यांची माणसं पहिल्या दिवसापासून बसवावी लागतात. आणि तुमचेही सर "साईटवर पाहू" म्हणत असतील, तर वायरिंग सुरू होण्याआधी एलेव्हेशनवर त्यांची सही घ्या.