हवामान बदलाचा धोका कळूनही लोक वागणं का बदलत नाहीत?

बदलतात की! पण तज्ज्ञ सांगतात त्या दिशेने बदलतीलच असं नाही. मी लातूरकडचा, घरी कोरडवाहू शेती, म्हणून तिथलंच सांगतो.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभी पिकं आडवी केली. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यानंतर लोक हातावर हात धरून बसले नाहीत. ज्याच्याकडे चार पैसे होते त्याने बोअर पाडलं, ते फेल गेलं की दुसरं. भूजल कायदा 60 मीटरला, म्हणजे 200 फुटांनाच, खोल विहीर म्हणतो. आमच्याकडे हा आकडा ऐकून बोअरगाडीवाला हसेल.

शेततळ्यांचंही तेच. वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं, ही मूळ कल्पना. पण कित्येक तळ्यांचा बांध चारी बाजूंनी इतका वर उचललेला असतो की रानातलं पाणी आत शिरूच शकत नाही. आत प्लास्टिकचा कागद आणि बांधावरून सोडलेला बोअरचा पाइप. रात्री लाइट आली की मोटर चालू. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर उन्हात आणून ठेवायचं, थोडं उडून गेलं तरी उरलेलं आपलं. शेजाऱ्याने तळं भरलं की तुमचं बोअर गुळण्या टाकायला लागतं, मग तुम्हीही तळं खणता. मी याला अडाणीपणा म्हणणार नाही.

दुष्काळी भागात ऊस कशाला, हा पुण्या-मुंबईकडचा लाडका प्रश्न. सोयाबीन काढणीला आलं आणि परतीचा पाऊस लागून राहिला की शेंगेतच मोड फुटतात. ऊस असल्या पावसातही काहीतरी हाती देतो, शिवाय एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, ठरलेली. पाऊस जितका लहरी, तितका ऊस भरवशाचा वाटतो.

चांगले बदलही आहेत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खातं दरसाल सांगतं. दुबार पेरणीचा चटका बसलेले आता वीतभर उकरून ओल बघतात, सगळं रान एकदम पेरत नाहीत. बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरून बाजूने सरी ठेवणाऱ्यांना, फरक त्याच हंगामात दिसतो, पाऊस कमी पडला तर ओल टिकते, जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं. असल्या गोष्टी बांधावरच्या गप्पांतून पसरतात.

पाण्याचं मात्र एकट्याने शहाणं होऊन भागत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, शेतीसाठी बोअरला बंदी आहे. आपण थांबलो तर शेजारीही थांबेल, ही खात्री तिथे आहे. आमच्याकडे ग्रामसभेत हा विषय काढावा, तर पहिलं बोअर सरपंचाचंच निघतं.