परळला पोहोचायचं कसं? वाचकांचे प्रश्न

रेल्वेत तीस वर्षं काढली, आधी तिकीट खिडकीत, मग चौकशी कक्षात. तरी पत्रांतला गोंधळ तोच आहे: गावाहून पेशंटला घेऊन मुंबईत उतरायचं आणि परळच्या टाटा रुग्णालयात जायचं. म्हणून या वेळी फक्त तेवढंच.

परभणीहून वडिलांना आणतोय. पुतण्या म्हणतो, ‘कुर्ला टर्मिनसला उतरा, समोरच लोकल.’ खरं का?

नाही. ज्याला लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात ते लोकमान्य टिळक टर्मिनस. लोकलचं कुर्ला स्टेशन वेगळं आणि लांब आहे. टर्मिनसला जवळचं पडतं लोकलच्या हार्बर लाइनचं टिळकनगर. तिथून कुर्ला, कुर्ल्याला पूल चढून-उतरून मध्य रेल्वेची मेन लाइन, मग परळ. आजारी माणसाची एवढी दमछाक कशासाठी? तपोवन किंवा देवगिरीने दादरला उतरा, परळ पुढचंच स्टेशन. मात्र गाडीचे थांबे 139 वर विचारूनच तिकीट काढा. ऐकीव माहितीवर वडिलांना फिरवू नका.

फास्ट लोकल परळला थांबते का?

नाही, प्रत्येक स्टेशनला थांबणारी स्लोच पकडा.

दादरला ‘एक नंबरवर जा’ असं सांगितलं, तिथे भलत्याच गाड्या होत्या.

सांगणाऱ्याला जुने नंबर पाठ असणार. डिसेंबर 2023 पासून दादरला 1 ते 7 पश्चिम रेल्वेचे आणि 8 ते 14 मध्य रेल्वेचे फलाट आहेत, परळची लोकल मध्य रेल्वेची. इंडिकेटर वाचा, नाहीतर स्टेशन मास्तरांना विचारा.

दादरबाहेर एकाने परळचे चारशे मागितले. द्यायचे का?

अजिबात नाही. अंतर तीनेक किलोमीटर. फेब्रुवारी 2025 च्या दरपत्रकाप्रमाणे काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरचे 31 रुपये, मध्यरात्रीनंतर सव्वापट. ‘मीटर बिघडलाय’, ‘लोकल बंद आहेत’ हे हातातली बॅग बघून बोललं जातं. दमलेल्या, घाबरलेल्या माणसाला असं लुबाडणं मला सहन होत नाही. अशा टॅक्सीत बसू नका, नंबर टिपून वाहतूक पोलिसांना दाखवा. रिक्षा शोधू नका, सायन-वांद्र्याच्या अलीकडे शहरात ती येतच नाही.

गर्दीत मी लोकलमध्ये चढले, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा खाली राहिले. गाडी सुटली तशी मी उडी मारली, गुडघा फुटला. दुसरं काय करणार होते?

पुढच्या स्टेशनला उतरायचं होतं. गुडघ्यावर निभावलं, पण गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत पाय गेला असता तर हे पत्र आलं नसतं. लहान स्टेशनवर लोकल वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात चार माणसं, दोन पिशव्या आणि एक्स-रेचं पाकीट आत जात नाही, हे आधीच धरून चाला.

फलाटावर पाय ठेवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला सांगा, पोरालाही: जो खाली राहिला त्याने जागचं हलायचं नाही. जो आत गेला त्याने पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. मुलाच्या खिशात मोबाइल नंबरची चिठ्ठी हवी. सुटलेल्या गाडीतून कुणी कुणाचा हात ओढायचा नाही. वॉटरबॅग गळ्यात घेऊन शेवटच्या डब्याचा लाल दिवा बघत उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. जागेवर थांबलेलं मूल सापडतं. त्याच्यासाठी सुटलेल्या गाडीतून उडी मारणारी आई रुळांवर जाते. जून 2025 मध्ये मुंब्र्याला दारातून पडलेली माणसं लोकलने प्रवास करणारीच होती, मग नवख्याची काय कथा! एक लोकल गेली तर दुसरी येते. मूल दिसेनासं झालं तर मात्र एक मिनिट न दवडता रेल्वे पोलिसांकडे जा किंवा 139 लावा.

कॅन्सर पेशंटला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं का?

येतं, रुग्णालयाची कागदपत्रं जवळ ठेवा. सोबत्याचं टीसीला विचारा. गावी परतण्याच्या तिकिटावरही सवलत आहे. तिचा फॉर्म डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा लागतो, म्हणून डिस्चार्जच्या दिवसापर्यंत न थांबता रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधीच चौकशी करा.