आंब्याखाली काय फुलेल?

प्रश्न : आमचा फ्लॅट कोथरूडला, तळमजल्यावर. मागे वीस बाय आठ फुटांचा पट्टा आहे, पण त्यावर शेजारच्या आंब्याची सावली. ऊन सकाळी आठ ते साडेदहा, बास. दोन वर्षांत तीन मोगरे, चार गुलाब लावून झाले. पानं भरपूर, फूल एकही नाही. दोघंही नोकरी करतो, रोज पाणी घालणं जमत नाही. लाड न मागणारी फुलझाडं सांगाल का, ताई?

उत्तर : मोगऱ्याचा दोष नाही हो. त्याला पाच-सहा तास लख्ख ऊन लागतं. मीही "सावलीत चालतो" या भरवशावर नर्सरीतून आणलेला मोगरा तीन वर्षं अंगणात कुरवाळला. शेवटी गच्चीवर नेला, तर त्याच उन्हाळ्यात ओंजळ भरली. तुमचे मोगरे-गुलाब गच्ची असलेल्या कुणाला तरी देऊन टाका.

तुमच्या जागेला पहिली तगर. दुहेरी घ्या, रात्री मंद वास येतो. पट्ट्याच्या दोन टोकांना एकेक पुरे, पाच-सहा फूट पसरते. चीक असल्यामुळे गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. पावसाळ्यात कधी फांद्या बोडक्या दिसल्या, तर खाली वाकून बघा : बोटाएवढी हिरवी अळी असेल, डोक्यामागे दोन निळे डोळे रंगवल्यासारखे. खरे डोळे नाहीत ते. फवारणी करू नका. तिचा सुंदर हिरवट पतंग होतो आणि तगर पुन्हा फुटते.

मधल्या भागात कोरांटी. पिवळी काटेरी असते, घरात लहान मूल असेल तर जांभळी किंवा पांढरी लावा. पावसाळा संपता संपता बहरते, थंडीतही फुलते. बहर ओसरला की निम्म्यावर छाटा, नाहीतर पुढच्या वर्षी नुसत्या काटक्या दिसतील. पुढच्या कडेला अबोली. तिला कोरांटीपेक्षा पाणी थोडं जास्त लागतं, म्हणून नळाजवळ लावा. तिची वाळलेली बोंडं बशीतल्या पाण्यात टाकून बघा : थोड्या वेळाने टक्कन फुटतात आणि बी उडतं. माझी नात अर्धा तास हलली नाही तिथून! पावसात हेच होतं, म्हणून रोपं आपोआप वाढतात.

सुवासच हवा असेल तर कुंती. सावलीत फुलं थोडी कमी येतील, पण एखाद्या पावसानंतर झाड एकदम पांढरं होतं. अनंताच्या मोहात मात्र पडू नका. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी किंवा चुनखडीची जमीन असेल तर त्याची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि मग औषधपाण्याला अंत नाही.

लागवड पहिला पाऊस जिरल्यावर करा. खड्डा दीड फुटाचा, त्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत. खणताना आंब्याचं जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डा हातभर सरकवा. तुमच्या झाडांचं खरं भांडण सावलीपेक्षा त्या मुळांशी असेल, वरचं पाणी तीच आधी पितात. म्हणून पहिलं वर्ष, पाऊस नसेल तेव्हा, आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या. रोजचा शिडकावा नको. आणि आंब्याची गळलेली पानं झाडून बाहेर टाकत असाल, तर ते आजच थांबवा. बुंध्यापासून चार बोटं सोडून सगळी तिथेच पसरा, ओल टिकेल.