गर्भाशयात फायब्रॉइडच्या (कर्करोगाच्या नसलेल्या) गाठी आहेत, गर्भपिशवी न काढता उपचार होतो का?

हो, होतो. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. पाळी गेल्यावर गाठी बहुधा आक्रसतात. अंगावरून फार जात असेल तर ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या किंवा मिरेना (पिशवीत बसवायचं, हार्मोन सोडणारं छोटं साधन) रक्तस्राव कमी करतात.

मूल हवं असेल तर आधी मायोमेक्टॉमीबद्दल विचारा. यात फक्त गाठ काढतात, पिशवी राहते. गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत आलेली असेल तर बहुतेकदा योनीमार्गे दुर्बीण घालून काढता येते, पोटावर टाकाही पडत नाही. गाठी पुन्हा होऊ शकतात, हे मात्र धरून चाला. पिशवी न काढण्याचा आणखी एक उपाय म्हणजे एम्बोलायझेशन. यात मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन वाळूसारखे कण सोडतात. रक्तपुरवठा तुटून गाठ सुकते. गाठ नेमकी कुठे, केवढी, हे डॉक्टरांकडून सोनोग्राफीवर दाखवून घ्या. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.