गेटवरचा पहारेकरी कोणत्या रकान्यात मोजायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जगाच्या एकूण उत्पन्नात सेवा क्षेत्राचा वाटा जवळपास दोन तृतीयांश आहे असं तुम्ही वाचलंत, पण सेवेतून हाती काहीच येत नाही. एकाने दुसऱ्याचे केस कापायचे, दुसऱ्याने पहिल्याचा हिशेब लिहायचा, पैसा नुसता फिरत राहतो. मग खरी अर्थव्यवस्था शेती आणि कारखान्यांचीच नाही का, आणि सेवा त्यांच्या मालाच्या जिवावरच जगत नाहीत का? सेवा वाढणं ही प्रगती म्हणायची की घसरण?

मी वीसेक वर्षं यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम केलं. तयार मालाच्या किमतीत कुठला खर्च कुठून येऊन बसतो, हे रोज बघत होतो. त्या अनुभवावरून आधीच सांगतो: वस्तू खरी आणि सेवा पोकळ ही विभागणी मला साफ चुकीची वाटते. सेवा क्षेत्राबद्दल काळजी करण्यासारखं जरूर आहे, पण ते दुसरीकडेच आहे.

ही शंका तुमची एकट्याची नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली नोकरचाकर, वकील, वैद्य, धर्मगुरू, नट, गायक, इतकंच काय राजा आणि त्याचे सेनाधिकारी, या सगळ्यांचे श्रम ‘अनुत्पादक’ ठरवले होते. कारण काय, तर त्यांचं काम घडतं त्याच क्षणी संपतं, विकता येईल असं काही मागे उरत नाही. सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीय हिशेबात हाच विचार कायम होता. मालवाहतूक धरायची, व्यापार धरायचा, पण शिक्षण, आरोग्य आणि प्रशासन उत्पन्नाच्या बाहेर. डॉक्टरने दिवसभर कितीही रोगी बरे केले तरी त्या हिशेबात देशाचं उत्पन्न तसूभर हलायचं नाही.

‘तिसरं क्षेत्र’, म्हणजे आपण ज्याला सेवा क्षेत्र म्हणतो ते, ही कल्पना १९३५ मध्ये अ‍ॅलन फिशर या अर्थतज्ज्ञाने मांडली आणि १९४० मध्ये कॉलिन क्लार्क या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने आकडेवारी देऊन रूढ केली. शेती वगैरे पहिल्यात, कारखाने दुसऱ्यात, उरलेलं सगळं तिसऱ्यात. गोंधळ आहे तो या ‘उरलेलं सगळं’मध्ये. हृदयाची शस्त्रक्रिया करणारा, ट्रक चालवणारा, शाळेत शिकवणारी, कर्ज मंजूर करणारा आणि फरशी पुसणारी, सगळे एकाच पोत्यात भरले गेले. त्यामुळे ‘सेवा क्षेत्र चांगलं की वाईट’ या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही.

आणि ते पोतं भरतं कसं, तेही मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे गेटवरचे पहारेकरी, साफसफाईवाले आणि कॅन्टीनचे लोक सुरुवातीला कंपनीच्याच पगारपत्रकावर होते. म्हणजे देशाच्या आकडेवारीत ते कारखानदारीतले कामगार. पुढे ही कामं कंत्राटदाराकडे गेली. माणूस तोच, गेट तेच, रात्रपाळी तीच, फक्त गणवेशाचा रंग बदलला. पण कागदावर कारखान्यातला एक रोजगार घटला आणि सेवेतला एक वाढला. सेवा क्षेत्राची काही वाढ अशी निव्वळ रकाना बदलल्यामुळे झालेली असते. पहारेकऱ्याचा पगार मात्र त्या बदलात खरोखरच कमी झाला, आणि ते मला आजही खुपतं.

दुसरा प्रसंग. एकदा आमचा मुख्य कॉम्प्रेसर बंद पडला. हवेच्या दाबावर चालणारी सगळी यंत्रं थांबली, दुसरी पाळी आली ती हातावर हात ठेवून बसली. सर्व्हिस इंजिनियर आला. त्याने तेलाचा रंग बघितला, शाफ्ट हाताने सावकाश फिरवून पाहिला, दोन-तीन प्रश्न विचारले आणि तळहातावर मावेल एवढं एक सील काढून नवं बसवलं. बिलात सीलची रक्कम किरकोळ होती, बाकी सगळी त्याच्या येण्याची आणि कामाची. एका वरिष्ठांना ते बिल फार वाटलं. ‘एवढ्याशा सीलचे एवढे?’ पण आम्ही सील विकत घेतलंच नव्हतं. थांबलेला कारखाना चालू करून घेतला होता.

सेवेची मला पटलेली व्याख्याही हेच सांगते. टी. पी. हिल या अर्थतज्ज्ञाने १९७७ मध्ये ती केली: एखाद्या माणसाच्या किंवा त्याच्या मालकीच्या वस्तूच्या स्थितीत, त्याच्या संमतीने, दुसऱ्याच्या कामामुळे झालेला बदल म्हणजे सेवा. आजारी माणूस बरा झाला, न येणारं गणित यायला लागलं, इथला माल तिथे पोचला. बदल खरा आहे, फक्त तो कपाटात ठेवता येत नाही. विमान उडालं की रिकाम्या गेलेल्या सीटचं पुढे काही करता येत नाही.

आता सेवांचा वाटा कशामुळे वाढतो, ते पाहू. अमेरिकेत १९०० च्या सुमारास काम करणाऱ्या दर १० जणांपैकी ४ शेतीत होते, आज १०० मध्ये २ सुद्धा नाहीत, आणि धान्य तेव्हापेक्षा कितीतरी जास्त पिकतं. कारखान्यांतही तेच. तिथे १९७९ मध्ये जवळपास १ कोटी ९५ लाख लोक कारखानदारीत होते, आज १ कोटी ३० लाखांच्या आसपास आहेत, आणि उत्पादन तेव्हापेक्षा अधिक आहे. कमी हातांनी जास्त माल निघायला लागला की उरलेले हात कुठेतरी जाणारच. शिवाय घरात दुसरा फ्रिज कोणी सहसा घेत नाही, पण चांगला डॉक्टर, चांगली शाळा, प्रवास, म्हाताऱ्या आईवडिलांची देखभाल यांवरचा खर्च उत्पन्नाबरोबर वाढत जातो.

याची दुसरी बाजू विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दाखवली, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथेच आहे. ते संगीत-नाटकांचा खर्च अभ्यासत होते. तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी लिहिलेली रचना बीथोवेनच्या काळात वाजवायला चार वादक लागायचे, आजही चारच लागतात, आणि वेळही तेवढाच. दरम्यान कारखान्यातल्या कामगाराचं तासाचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं आणि त्याबरोबर मजुरीही. वादकाचं उत्पादन वाढलं नाही, पण त्याचं मानधन वाढवावंच लागतं, नाहीतर तो वाद्य ठेवून दुसरं काम धरेल. म्हणून मालाच्या तुलनेत अशा सेवा महागतच जातात. याला बॉमोलचा ‘खर्चाचा आजार’ म्हणतात. शाळा आणि इस्पितळं महाग का होत जातात, याचं बरंचसं उत्तर यात आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी लुबाडतंय म्हणून नव्हे.

माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात रात्रीची एक नर्स असायची. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, पाठीवर कुठे लाली आलीय का ते टॉर्चच्या उजेडात बघायचं, तोंड ओलं करायचं. हे काम दुप्पट वेगाने करता येत नाही. केलं तर ते काम राहतच नाही. कॉस्टिंगवाला माणूस म्हणून आयुष्यभर मी ‘यातला वेळ कसा वाचवता येईल’ हेच शोधत आलो. त्या रात्रींमध्ये पहिल्यांदा कळलं की काही कामांत माणसाने दिलेला वेळ हाच माल असतो. आणि अशी कामं करणाऱ्यांना आपण पैसे देताना सर्वांत जास्त हात आखडतो. कारखान्यांनी इतकी उत्पादकता वाढवून दिल्यावर समाजाला हे परवडत नाही, असं म्हणायला जागा नाही. परवडतं ते त्या वाढीमुळेच.

तुमचा दुसरा मुद्दा, की सेवा मालाच्या जिवावर जगतात. उलटंही तितकंच खरं आहे. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं. त्या खोक्यांनी आतला माल बदलला नाही, बदलली ती चढउताराची पद्धत. आज एकाच यंत्राचे भाग चार देशांत बनतात ते या एका सेवेच्या स्वस्ताईमुळे. जागतिक व्यापारात सेवांचा वाटा वरवर पाहता पाव दिसतो. पण निर्यात मालाच्या किमतीत दडलेलं डिझाइन, वाहतूक, विमा, सॉफ्टवेअर वेगळं काढून मोजलं की तो निम्म्याच्या जवळ जातो.

आता काळजीच्या गोष्टी. एक, मोजमाप. बँकेच्या बऱ्याचशा सेवेवर किमतीची चिठ्ठी नसते. ठेवीवरचं व्याज आणि कर्जावरचं व्याज यांतल्या फरकावरून ती अंदाजाने काढतात. बँकेने जास्त जोखमीची कर्जं चढ्या दराने दिली की फरक रुंदावतो आणि हिशेबात ‘सेवा’ वाढलेली दिसते. तिथे तुमच्या शंकेत तथ्य आहे. दुसरी, जास्त गंभीर. आधी औद्योगिक झालेल्या देशांत कारखान्यांनी कमी शिकलेल्या लाखो लोकांना स्थिर पगार दिला, आणि श्रीमंती आल्यावर लोक सेवांकडे वळले. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी दाखवलंय की आताच्या अनेक विकसनशील देशांत कारखान्यांतल्या रोजगाराचा वाटा खूप खालच्या पातळीवर आणि कमी उत्पन्न असतानाच घसरू लागतो. शेत सोडलेला माणूस मग सेवेतच जातो, पण सॉफ्टवेअरमध्ये किंवा इस्पितळात नव्हे, तर ना करार, ना रजा, ना शिकायची सोय अशा कामात. त्या देशाच्या आकडेवारीत सेवा क्षेत्र तेवढंच मोठं दिसतं. म्हणून नुसता वाटा बघून प्रगती की घसरण ते ठरवू नका. त्या सेवेत कोण आहे, काय कमावतो आणि पाच वर्षांनी आजच्यापेक्षा अवघड काम त्याला जमेल का, हे बघा.

तो कॉम्प्रेसर पुढे आम्ही काढून टाकला. नवा घेतला नाही. बनवणाऱ्या कंपनीनेच तिचा कॉम्प्रेसर आमच्या शेडमध्ये आणून बसवला, मालकी तिची, दुरुस्ती तिची. आम्ही दर महिन्याला मीटर वाचून, वापरलेल्या हवेचे घनमीटर मोजून पैसे द्यायचो. जागा तीच होती, घरघरही तशीच. माझ्या खर्चाच्या तक्त्यात मात्र ती रक्कम यंत्रसामग्रीतून उठून सेवांच्या ओळीत गेली.