साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी झोपाळ्याच्या कड्यांना जिम्नॅस्टिकच्या रिंग्ज टांगल्या तर चालतील का? हात निखळणार नाही ना?

रिंग्ज चालतील, झोपाळ्याच्या कड्या नकोत. आमचं घर गुहागरजवळ, पडवीत झोपाळा, त्यामुळे मुलाच्या वेळी मीही हाच घाट घातला होता. दोन कड्यांत चार-साडेचार फूट अंतर, पोरानं हात फाकवावेत तरी किती! स्पर्धेतल्या रिंग्जसुद्धा ५० सेंमी अंतरावर असतात. तिला तिच्या खांद्यांइतकं अंतर पुरे. तुळईला दोन वेगळ्या कड्या मारून घ्या. आधी तुळई ठोकून बघा, वाळवी लागली असेल तर पोकळ आवाज येतो. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यानं लोखंड खातं, तेव्हा कड्या स्टेनलेस स्टीलच्या. टांगल्यावर पहिला मान तुमचा: स्वतः लोंबकळून बघा.

खरा प्रश्न उंचीचा. टीव्हीवर दिसतात त्या रिंग्ज जमिनीपासून २.८० मीटरवर असतात, ते विसरा. हिच्या रिंग्ज हिच्या छातीशी. खाली कोबा किंवा लादी असेल तर घट्ट गादी घाला. ती रिंग धरून मागे रेलेल, गुडघे वाकवून हळूहळू खाली जाईल, पाय जमिनीलाच. दमली की हात सोडून ढुंगणावर बसेल. पाय उचलायचे ते तिला वाटेल तेव्हा, तीन आकडे मोजेपर्यंत. उचलून लटकवू नका, तिथून उतरणं तिला जमत नाही. उलट्या कोलांट्या घरी नकोतच.

हाताचं म्हणाल तर, दोन्ही हातांनी आपणहून लटकण्यापेक्षा एका हाताला बसणारा हिसका वाईट. पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपराचं बंधन सैल असतं. आमच्या चिरंजीवांना काकानं लाडानं एका हाताला धरून पायरीवरून उचललं आणि कोपर सरकलं. डॉक्टरांनी क्षणात बसवलं, पण तोवरचं रडणं अख्ख्या वाडीनं ऐकलं. म्हणून ती लटकलेली असताना पाय ओढायचे नाहीत, झोकेही द्यायचे नाहीत.

रिंग बारीक घ्या. मोठ्यांच्या २८ मिमी जाडीच्या रिंगेवर एवढ्याशा हाताची मूठ नीट मिटत नाही. घामानं निसटते, कोरडं फडकं जवळ ठेवा.

आणि एक, जे मला फार उशिरा कळलं. रिंगेचं आतलं भोक साधारण १८ सेंमी, म्हणजे लहान मुलाचं डोकं आत जाऊन अडकू शकतं. पट्ट्यांचाही गळ्याला फास बसू शकतो. खेळताना तुम्ही हाताच्या अंतरावर हवेत. खेळ झाला की पट्ट्यांसकट सगळं काढून उंच खुंटीवर. आमच्याकडे ती खुंटी आजोबांच्या छत्रीशेजारी आहे, तिथवर अजून कुणाचा हात पोचलेला नाही.